अँटिऑक्सिडंट, आहार आणि ब्रेन ट्यूमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला ब्रेन ट्यूमर निघाला की आठवडाभरात व्हॉट्सॲपवर आवळा, हळद, गव्हांकुर आणि ग्रीन टीचे निरोप सुरू होतात. त्या निरोपांच्या पाठोपाठ आमच्याकडे प्रश्न येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रौढांपुरती आहेत; लहान मुलांचे ट्यूमर हा वेगळा विषय. उपचार चालू असतील तर काहीही नवं सुरू करण्याआधी किंवा चालू असलेलं थांबवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

१. अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय?

पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा काही अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते जवळच्या कशाशीही चटकन अभिक्रिया करतात आणि त्यात डीएनएला इजा होऊ शकते. त्यांना निष्प्रभ करणारे पदार्थ ते अँटिऑक्सिडंट: क आणि ई जीवनसत्त्व, गाजर-पपईतलं बीटा कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन, चहा-कोकम-जांभळातली पॉलिफेनॉल्स वगैरे. पण बरंचसं काम शरीर बाहेरच्या मदतीशिवाय, स्वतः बनवलेल्या ग्लुटाथिओनच्या आणि एन्झाइमांच्या जोरावर करतं. शिवाय फ्री रॅडिकल नुसते खलनायक नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्के खातो. त्यामुळे अँटिऑक्सिडंट जास्त घेतली तर मेंदूतला कॅन्सर टळेल, ही कल्पना सुचली यात नवल नाही. ती तपासल्यावर काय दिसलं ते प्र. ३ आणि ४ मध्ये आहे.

२. ब्रेन ट्यूमर म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. कवटीच्या आतच सुरू होणाऱ्या गाठींत मेंदूच्या आवरणात होणारा मेनिन्जिओमा सर्वांत जास्त आढळतो आणि तो बहुतेक वेळा कॅन्सर नसतो (प्र. १३). मेंदूच्याच ग्लियल पेशींपासून (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) होतो तो ग्लायोमा. त्यातला सगळ्यात आक्रमक प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. आहाराचे बहुतेक अभ्यास ग्लायोमावर झाले आहेत, त्यामुळे पुढे 'ट्यूमर' म्हटलं की ग्लायोमाच समजा.

तिसरा प्रकार लोक विसरतात. फुफ्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवातला कॅन्सर मेंदूत पसरतो, आणि प्रौढांत अशा गाठी मेंदूच्या स्वतःच्या कॅन्सरपेक्षा जास्त असतात. रिपोर्टमध्ये 'मेटास्टॅसिस' असं लिहिलं असेल तर मूळ आजार दुसरीकडे आहे. मग आहाराचा आणि धोक्याचा विचारही त्या मूळ आजाराच्या अंगाने करावा लागतो.

३. सरळ सांगा, फळं-भाज्या भरपूर खाल्ल्या तर ब्रेन ट्यूमर टळतो का?

आजवरच्या पुराव्यावरून नाही, टळतो असं म्हणता येत नाही. ब्रिटनचा मिलियन विमेन स्टडी आणि अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास एकत्र करून २०१९ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात बारा लाखांहून अधिक माणसं होती आणि त्यांच्यात २,३०० हून अधिक ग्लायोमा आढळले. फळं, भाज्या, मांस, जीवनसत्त्वं, एकूण आहाराची पद्धत असं सगळं तपासलं. ठाम म्हणावा असा संबंध कशाशीच निघाला नाही. अमेरिकेतल्या नर्सेसच्या आणि आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घ पाहणीतून २००७ साली फळं, भाज्या आणि कॅरोटिनॉइडबद्दल (बीटा कॅरोटीन, लायकोपीन यांचं कूळ) हेच उत्तर आलं होतं.

म्हणून भाजी खाऊ नका असा अर्थ कुणी काढू नये. हृदय, मधुमेह, बद्धकोष्ठता, मोठ्या आतड्याचा कॅन्सर यांसाठी भाजी हवीच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते (बटाटा त्यात धरत नाहीत), आणि आपल्याकडच्या किती ताटांत तेवढी पडते हे आपल्याला ठाऊक आहे.

४. पण अँटिऑक्सिडंट जास्त घेणाऱ्यांना ग्लायोमा कमी होतो असं मी वाचलं आहे. ते खोटं का?

खोटं नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातून २००६ साली तसा निष्कर्ष आला होता, आणि त्या धाटणीच्या आणखी काही अभ्यासांतूनही आला. धाटणी महत्त्वाची आहे. या अभ्यासांत आधीच ट्यूमर झालेली माणसं घेतात, त्यांच्या वयाची निरोगी माणसं शेजारी ठेवतात आणि दोघांना विचारतात: आजाराआधीच्या वर्षी तुम्ही काय खात होता?

आता ही मुलाखत डोळ्यांसमोर आणा. प्रश्नावली शंभरेक पदार्थांची. पालक महिन्यातून किती वेळा? संत्रं? एका वेळी अर्धी वाटी की पूर्ण? समोर ज्याच्या डोक्याचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे असा माणूस. कुणाचे शब्द अडतात, कुणाला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही. मग उत्तर बायको देते किंवा मुलगा देतो. आक्रमक ट्यूमरमध्ये मुलाखतीपर्यंत रुग्ण हयात नसतो असंही होतं, तेव्हा सगळीच माहिती नातेवाइकांच्या आठवणीवर. नवऱ्याने ऑफिसच्या कँटीनमध्ये काय खाल्लं हे बायकोला किती माहीत असणार? त्यात 'याच्या खाण्यातच काहीतरी चुकलं' ही रुखरुख मनात असली की वडापाव जास्त आठवतो, कोशिंबीर कमी.

दुसरी बाजू निरोगी गटाची. फोन आल्यावर तासभर वेळ काढून मुलाखत द्यायला कोण तयार होतं? बहुधा शिकलेली, तब्येतीची काळजी घेणारी, भाजी जास्त खाणारी माणसं. मग रुग्णांच्या मानाने निरोगी गटाच्या ताटात अँटिऑक्सिडंट जास्त दिसणारच. तिसरी अडचण अशी की ग्लायोमा निदानाआधी काही काळ डोक्यात वाढत असतो. त्या काळात चव, भूक, वागणं बदलू शकतं. म्हणजे खाणं बदललं म्हणून ट्यूमर झाला की ट्यूमर होता म्हणून खाणं बदललं, हे नंतर विचारून कळत नाही.

प्र. ३ मधल्या अभ्यासांत क्रम उलटा होता. आधी निरोगी माणसांना आहार विचारून ठेवला, मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यात हा संबंध विरघळून गेला. आमच्या मते तेच उत्तर जास्त विश्वासाचं आहे.

५. मग एकाला गोळी, एकाला साखरेची गोळी देऊन कायमचा निकाल का लावत नाहीत?

कारण आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेत ग्लायोब्लास्टोमाचं प्रमाण वर्षाला लाखात सुमारे ३. गोळीने फरक पडतो का हे बघायला काही लाख माणसांना वर्षानुवर्षं गोळ्या द्याव्या लागतील. दुसऱ्या, जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांसाठी असे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचा निकाल डोळे उघडणारा आहे (प्र. ९).

६. आम्ही शाकाहारी, घरचंच खाणारे, यांना सुपारीचंही व्यसन नाही. तरी झाला. आमच्या खाण्यात काय चुकलं?

काही चुकलं नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा स्वयंपाक करणाऱ्या बाईकडून येतो, म्हणून उत्तर ठळक देतो: ग्लायोमा तुमच्या डब्यामुळे झालेला नाही.

ग्लायोमाची ठामपणे सिद्ध झालेली कारणं फार थोडी आहेत. डोक्याला पूर्वी दिलेलं मोठ्या मात्रेचं रेडिएशन हे एक. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, ली-फ्रॉमेनी असे दुर्मीळ आनुवंशिक आजार हे दुसरं. याखेरीज वय आणि लिंग: वाढत्या वयात आणि पुरुषांत प्रमाण जास्त. बहुसंख्य रुग्णांत बोट ठेवता येईल असं कारण सापडतच नाही. एक विचित्र निरीक्षण मात्र अनेक अभ्यासांत आलं आहे: दमा, परागकणांची ॲलर्जी, इसब असणाऱ्यांत ग्लायोमा थोडा कमी आढळतो. आहारापेक्षा हा धागा जास्त चिवट निघाला.

७. लोणची, पापड, सॉसेज यांतल्या नायट्राइटने ब्रेन ट्यूमर होतो म्हणतात. आणि क जीवनसत्त्व त्यावर उतारा म्हणे?

यामागे खरं विज्ञान आहे, फक्त ते उंदरांचं आहे. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या संशोधकांना दिसलं की गाभण उंदरीला एथिलनायट्रोसोयुरिया दिलं तर पिल्लांना पुढे मेंदूचे ट्यूमर होतात. त्याच कुळातली एन-नायट्रोसो संयुगं आपल्या पोटातही नायट्राइटपासून बनू शकतात, आणि क जीवनसत्त्व ती अभिक्रिया रोखतं. म्हणून सगळ्या अँटिऑक्सिडंटांत क जीवनसत्त्वावर सर्वांत जास्त आशा होती. पण प्रौढ माणसांच्या मोठ्या पाहण्यांत प्रक्रिया केलेल्या मांसाचा ग्लायोमाशी संबंध सिद्ध झाला नाही.

पदार्थांचं म्हणाल तर बेकन, हॅम, हॉट डॉग यांत नायट्राइट घालतात. कैरी-लिंबाचं घरचं लोणचं मीठ, तेल आणि आंबटपणावर टिकतं. त्यात नायट्राइटचं काम नाही. गोव्याहून चोरिसबद्दल हमखास विचारतात. ते मीठ-मिरची-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं मांस, म्हणजे प्रक्रिया केलेल्या मांसातच मोडतं. अशा मांसाने मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केलं आहे. ते कमी खायला तेवढं कारण पुरे.

८. आवळा, च्यवनप्राश, हळद, ग्रीन टी, कॉफी: यांतलं निदान काहीतरी कामाचं असेल ना?

अन्न म्हणून सगळं चांगलं. ब्रेन ट्यूमर रोखण्यासाठी म्हणून यांतलं काहीही सिद्ध झालेलं नाही.

आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर, पण शरीराला लागतं किती? भारतीय शिफारस प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. ते एका पेरूत सहज मिळतं. दिवसाला काही शे मिलिग्रॅमच्या वर गेलं की रक्तातली पातळी फारशी वाढत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. च्यवनप्राशात साखर बरीच असते, स्टेरॉइड चालू असणाऱ्यांनी प्र. ११ पाहावा. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या ट्यूमर पेशींवर छान काम करतं, पण खाल्लेल्यातलं फारच थोडं रक्तात पोचतं. पुढे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची गाळणी आहे. ती भल्याभल्या औषधांना आत सोडत नाही. 'प्रयोगशाळेत पेशी मेल्या' अशी बातमी दिसली की हे अंतर आठवावं.

चहा-कॉफीची गोष्ट जरा रंगतदार आहे. युरोपातल्या ईपिक पाहणीत दिवसाला दोन्ही मिळून १०० मिलिलिटर किंवा जास्त पिणाऱ्यांत ग्लायोमा ३४ टक्के कमी दिसला. २०१० सालचा हा निष्कर्ष वर्तमानपत्रांनी उचलून धरला. आपला एक कटिंगसुद्धा जवळपास तेवढा भरतो! पण जास्त प्यायल्याने धोका आणखी उतरत जातो असं चित्र दिसलं नाही, आणि दुसऱ्या मोठ्या पाहण्यांत हा संबंध ठाम निघाला नाही. आवडतो म्हणून चहा प्या.

९. फायदा नसेल तर नसो. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर नुकसान काय आहे?

नुकसान झालेलं आहे, तेही चोख प्रयोगांत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. बीटा कॅरोटीनने फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल ही अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला तो १८ टक्के वाढीचा. अमेरिकेतला केअरेट प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त होते. मग सिलेक्ट: ३५,५३३ पुरुष, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम. २०११ सालच्या निकालात नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ साली स्पष्टच सांगितलं की कॅन्सर टाळण्यासाठी बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व घेऊ नये.

हे तीनही प्रयोग ब्रेन ट्यूमरचे नव्हते. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तर तो मेंदूत पसरण्याची भीती असतेच (प्र. २). त्यामुळे 'मेंदूसाठी' म्हणून बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्याने दोनदा विचार करावा. गाजर खुशाल खा. हे निकाल गोळीतल्या मोठ्या मात्रेचे आहेत.

असं का होत असावं? ट्यूमरच्या पेशींनाही फ्री रॅडिकलचा त्रास होतो. बाहेरून आलेलं अँटिऑक्सिडंट निरोगी पेशी कोणती आणि कॅन्सरची कोणती हे बघत नाही. २०१४ साली स्वीडनच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटने फुफ्फुसातले ट्यूमर जास्त वेगाने वाढले.

१०. बाबांचं रेडिएशन चालू आहे. अशक्तपणासाठी मल्टिव्हिटॅमिन आणि अँटिऑक्सिडंट सुरू करू का?

डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर नको. ग्लायोब्लास्टोमात साधारणपणे सहा आठवडे, ३० बैठकांत रेडिएशन देतात आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध. रेडिएशन ट्यूमर मारतं ते बव्हंशी फ्री रॅडिकल तयार करूनच. त्याच वेळी मोठ्या मात्रेत अँटिऑक्सिडंट घेणं म्हणजे एका हाताने आग लावून दुसऱ्याने पाणी ओतण्यासारखं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मान भागाच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर प्रयोग झाला होता. रेडिएशनचे काही दुष्परिणाम कमी झाले खरे, पण आजार उलटण्याच्या आणि नवा कॅन्सर होण्याच्या बाबतीत गोळ्या घेणाऱ्यांचं चित्र वाईट दिसलं.

तपासणीत ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती घ्यायचीच. कमतरता भरून काढणं वेगळं. रोजची फळं-भाजी-डाळ बंद करायचीही गरज नाही. टेमोझोलोमाइडने पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर कच्ची मोड आलेली कडधान्यं, गाड्यावरची कापलेली फळं आणि बाहेरचे रस टाळा. तिथे प्रश्न जंतुसंसर्गाचा आहे.

११. रोज डाळिंब, बीट, गाजराचा मोठा ग्लास ज्यूस देतो. ते तर नैसर्गिक आहे!

डेक्सामेथासोन चालू आहे का ते आधी बघा. मेंदूची सूज उतरवायला हे स्टेरॉइड बहुतेकांना देतात, आणि त्याने रक्तातली साखर चढते, कधी मधुमेह नसलेल्यांचीही. अशा वेळी चोथा काढून टाकलेला तीन-चार फळांचा रस, वर नातेवाइकांनी आणलेला मध, आणि ग्लुकोमीटरवर ३०० चा आकडा असं होऊ शकतं. थकवा, सतत तहान, गुंगी हे सगळं मग ट्यूमरच्या खात्यावर टाकलं जातं. अख्खं फळ द्या, चावता येत असेल तर. नाहीतर दाटसर, न गाळलेलं, थोडं.

१२. डॉक्टरांनी ग्रेपफ्रूट खाऊ नका सांगितलं. आपल्याकडे ते मिळतच नाही ना?

पपनस मिळतं! ते ग्रेपफ्रूटच्या जवळचं भाऊबंद आहे आणि औषधं मोडणाऱ्या एन्झाइमला अडवणारे तसलेच पदार्थ त्यात असतात. फिटसाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर रक्तातली मात्रा वाढून झोक जाणं, दुहेरी दिसणं असा त्रास होऊ शकतो. आपल्या औषधाला हे लागू आहे का ते विचारून घ्या. गणपतीत घरी येतं तेव्हा तर नक्की. संत्रं-मोसंबीला सहसा हरकत नसते.

१३. माझा मेनिन्जिओमा आहे. मला हे सगळं लागू होतं का?

अँटिऑक्सिडंटबद्दलचं उत्तर तेच, प्र. ३. फरक वजनात आहे. लठ्ठपणाने ज्या कॅन्सर-ट्यूमरांचा धोका वाढतो त्या यादीत २०१६ पासून मेनिन्जिओमाही आहे. म्हणजे इथे ताटातल्या एकूण उष्मांकाचा प्रश्न आहे, लायकोपीनचा नाही. हार्मोनची औषधं किंवा गर्भनिरोधक इंजेक्शनं घेत असाल तर तेही न्यूरोसर्जनना सांगा. काही प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांचा मेनिन्जिओमाशी संबंध आढळला आहे.

१४. टाटा हॉस्पिटलने द्राक्षातल्या अँटिऑक्सिडंटची आणि तांब्याची गोळी काढली आहे ना? मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि द्राक्षं चालतील?

गोळी खरी आहे, निष्कर्ष उलटा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधला गट रेझव्हेराट्रॉल आणि तांबं यांच्या अत्यल्प मात्रांवर काम करतो. रेझव्हेराट्रॉल एरवी अँटिऑक्सिडंट म्हणून विकलं जातं, पण तांब्याच्या संगतीत ते फ्री रॅडिकल तयार करतं, आणि संशोधकांना हवे आहेत तेच. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांचे) कण या फ्री रॅडिकलांनी निकामी व्हावेत, असा हेतू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत 'शंभर रुपयांची गोळी' म्हणून बातम्या आल्या त्या याच्याच.

ग्लायोब्लास्टोमात त्यांनी केलेला अभ्यास छोटा आहे: ऑपरेशनआधी सुमारे बारा दिवस दहा रुग्णांना गोळ्या, दहांना नाही, आणि मग काढलेल्या ट्यूमरची तुलना. ट्यूमरच्या पेशींत बदल दिसले. रुग्ण जास्त जगतात का, हे या अभ्यासातून कळत नाही. मात्रा इतकी बारीक आणि मोजून दिलेली आहे की तांब्याच्या तांब्याने किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या रेझव्हेराट्रॉलच्या जाड कॅप्सूलने तिची नक्कल होत नाही.

१५. घरात एकाला झाला. मुलांनी आतापासून काही सुरू करावं का?

बहुतेक ग्लायोमा आनुवंशिक नसतात. जवळच्या नात्यात दोघा-तिघांना झाला असेल, किंवा घरात तरुणपणीचे वेगवेगळे कॅन्सर असतील, तर जनुकीय सल्ला घ्या. अँटिऑक्सिडंट सुरू करायला हे कारण नाही.

१६. रक्तातली 'अँटिऑक्सिडंट पातळी' मोजून देणारं पॅकेज घ्यावं का?

नको. आकडा कमी आला तर पुढे काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नाही, आणि पॅकेज विकणाऱ्याकडे गोळ्यांचा डबा तयार असतो.

१७. ऑपरेशन ठरलं आहे. घरगुती औषधांचं डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो.

सांगाच, आणि भूलतज्ज्ञांनाही सांगा. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, फिश ऑइल, जिंको आणि हळदीच्या कॅप्सूल यांनी रक्त गोठायला अडथळा येऊ शकतो, आणि कवटीच्या आत थोडाही जास्तीचा रक्तस्राव महागात पडतो. हळदीचा अर्क घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि ट्यूमरची काही औषधं यकृतावर आधीच ताण देतात. नावं आठवत नसतील तर सगळ्या बाटल्या, पुड्या, काढ्याचं पाकीट एका पिशवीत घालून ओपीडीत न्या. भाजीतली हळद सांगायची गरज नाही.